पुढं डावा, मागं उजवा

“पुढं डावा… पुढं उजवा… मागं डावा… मागं उजवा.”

नोकरीच्या पहिल्याच दिवशी हा बाईचा आवाज प्लायवूडच्या भिंतीपलीकडून आला आणि मी हातातला खडू तसाच धरून थांबलो. फळ्यावर मी ‘मुलाखतीस जाताना घ्यावयाची दक्षता’ असं ठळक अक्षरात लिहिलं होतं. समोरची मुलं खाली मान घालून हसत होती. आवाज पुन्हा सुरू झाला. कुठल्याच शब्दावर जोर नाही, कसलाच भाव नाही. बसस्टँडवरची घोषणासुद्धा त्यापेक्षा मायेची वाटावी. पुढच्या खेपेला ‘मागं उजवा’ आलाच नाही. “गेला!” पलीकडून सगळी पोरं एकदम ओरडली. तोच आवाज, पण आता खराखुरा, म्हणाला, “गेला त जाऊ द्या. बोंबलता कायले? बसा गाडीत आन ऐका.”

त्या भेंडारकर मॅडम. साकोलीला हमरस्त्यालगत एक छोटी खासगी प्रशिक्षण संस्था होती, तिथे त्या गाड्यांच्या वायरिंगचा वर्ग घ्यायच्या. मला तिथे संभाषण आणि मुलाखतीची तयारी शिकवायला नेमलं होतं. मी सानगडीचा. आमच्या घरात पदवी घेतलेला मीच पहिला. त्यामुळे शाळेत शिकलेली शुद्ध भाषा मी इस्त्रीच्या शर्टासारखी जपून वापरत असे. तास संपल्यावर मी पलीकडच्या शेडमध्ये गेलो आणि म्हणालो, “मॅडम, माझ्या अध्यापनात व्यत्यय येतो.”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. पंजाबी ड्रेसवर निळा अ‍ॅप्रन, खिशाला पेन्सिल, गालात बडीशेप. “येत असन. बसा गाडीत. पाहू कोण्या बाजूनं येते.”

मी खरंच गाडीत जाऊन बसलो. पुढे कितीतरी जणांना मी तसंच बसताना पाहिलं. मॅडमनी ‘बसा’ म्हटलं की माणूस बसायचा.

ती गाडी म्हणजे पांढऱ्या रंगाची एक जुनी मोटार. इंजिन काढून नेलेलं, चाकांच्या जागी विटा. पण बॅटरी, टेप आणि चार दारांतले चार स्पीकर ठणठणीत. ती सदा काही ना काही कुरकुरत असायची म्हणून मुलांनी तिचं नाव आत्याबाई ठेवलं होतं. मॅडम रोज वर्ग भरण्याच्या आधी येऊन आत्याबाईत एक बिघाड करून ठेवायच्या. कधी फ्यूज काढून त्या जागी जळका बसवायच्या. कधी दाराच्या बिजागरीजवळच्या रबरी नळीत वायर आतल्या आत तोडायच्या, म्हणजे दार उघडलं की आवाज यायचा आणि लावलं की जायचा. आपण काय केलं ते त्या कोणाला सांगायच्या नाहीत. मुलांनी दिवसभरात ते शोधायचं.

शोधायचं म्हणजे उघडायचं नाही. स्क्रूड्रायव्हर, पक्कड, मीटर, सगळं एका स्टीलच्या डब्यात, आणि डबा मॅडमच्या मांडीवर. आधी चारही सीटवर बसून यायचं. दारं लावून ऐकायचं, उघडी ठेवून ऐकायचं. चार बाजू तपासायला त्यांनी स्वतःच्याच आवाजात ते ‘पुढं डावा’ भरून ठेवलं होतं. ज्या बाजूचं नाव येतं त्याच बाजूच्या स्पीकरमधून ते वाजायचं. गाणं लावलेलं त्यांना चालत नसे. “गाणं लावलं की पोट्टे मान हालवते. कान बंद पडते.” मग मुलांनी मोठ्याने सांगायचं की आपण काय काय पाहिलं. त्यावर मॅडमचा एकच प्रश्न असायचा, “आन काय नाही पाहिलं?” तो प्रश्न ऐकून भलेभले पुन्हा गाडीत जाऊन बसायचे. त्याचं उत्तर आल्याशिवाय डब्याचं झाकण उघडत नसे.

त्या पहिल्या दिवशी मी बसलो तोवर पोरांनी ‘मागं उजवा’ पुन्हा जोडला होता. चारही स्पीकर एकदम वाजत होते, पण माझ्या कानाला वेगळं काही कळलं नाही. मी म्हणालो, “आवाज येतो आहे की.”

“येते. पण पोट आहे का त्याले?”

खरंच नव्हतं. आवाज पत्र्यासारखा, पोकळ. तेव्हा त्यांनी भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढला, एका स्पीकरच्या दोन टोकांना क्षणभर टेकवला. ‘टक’ झालं आणि स्पीकरचा कागदी पडदा बाहेर उसळला. दुसऱ्याला तसाच टेकवला, तर तो आत गेला. “याच्या वायरी उलट्या लागल्या. हा पुढं सरकते त थो मांगं. दोघंही मेहनत करून राहिले, अन् एकमेकाचं खाऊन राहिले.” सेल परत घड्याळात गेला. घड्याळ तेवढं मागे पडलं. त्या शेडमधलं घड्याळ नेहमीच मागे असायचं, आणि शिपाई रोज ते नीट लावताना पुटपुटायचा.

मॅडम मूळच्या नाकाडोंगरीकडच्या. वडिलांचा लाउडस्पीकर भाड्याने द्यायचा धंदा होता. लग्न असो की दिवाळीनंतरची मंडई-जत्रा, कर्णा बांधायला ही मुलगी झाडावर चढायची, असं त्या स्वतःच अभिमानाने सांगत. त्यांना विनय म्हणून नव्हताच. कोणी गाडी दुरुस्त करून दिल्यावर “मॅडम, तुम्ही कमाल केली,” म्हणालं, तर त्या “हाव, केली,” म्हणायच्या आणि बडीशेप तोंडात टाकायच्या. भांडखोरही होत्या. पंखा कुरकुरला तर पंख्याला बोलायच्या. प्राचार्यांच्या मीटिंगमध्ये माइक गुणगुणला तर भाषण चालू असताना उठून माइकचं अर्थिंग तपासायच्या.

माझ्यावर त्यांचं ऋण आहे ते वेगळंच. महिनाभर प्लायवूडपलीकडून माझे तास ऐकल्यावर एकदा डबा खाताना त्या म्हणाल्या, “सर, एक सांगू? तुम्ही चांगलं बोलता. पण कोणाशी बोलून राहिले ते समजत नाही.”

मला राग आला. म्हणालो, “मुलांना शुद्ध बोलता आलं पाहिजे ना मॅडम.”

“आलंच पाहिजे. पण आंधी बोलता त आलं पाहिजे. तुमच्या वर्गातल्या एखाद्या पोरीले फोन उचलाले लावा. गिऱ्हाईक चिडून बोलून राहिलं, मंग का म्हणशीन, ते शिकवा. लाजली त लाजू द्या. दक्षता मंग घेईन थे.”

दुसऱ्या दिवशी मी फळा कोरा ठेवला आणि माझ्या घरच्या बोलीत तास सुरू केला. पहिल्यांदाच मागच्या बाकावरून प्रश्न आला. आज मी शिक्षक म्हणून जो काही आहे, तो त्या तासापासून.

गावातले लोक आपल्या गाड्या मॅडमकडे आणायचे. एकदा मेडिकल स्टोअरवाले काका आले. नवी गाडी, मागचे दोन्ही स्पीकर सारखे बंद पडतात. दुसरीकडे दाखवून झालं होतं. काका पुढे बसलेले, काकू मागे. मॅडम काकूंच्या शेजारी जाऊन बसल्या. काकांनी टेप लावला, इतका मोठा की काचा थरथरल्या. मॅडमनी सीटमागे हात घातला, चाचपडलं, मग काकूंकडे एकदा पाहिलं. काकू खिडकीबाहेर पाहत होत्या. हात हलला आणि दोन्ही स्पीकर गर्जले.

“काय झालं होतं?” काका खूश.

“गरम होते भाऊ. कंपनीनं नाजूक देले. आवाज अर्ध्यावर ठेवा, नाही त पुन्हा जाईन.”

काका खाली उतरून बॉनेट पुसायला गेले, तशा मॅडम हळूच म्हणाल्या, “वहिनी, कनेक्टर काढता त वायरीले धरून ओढत नका जाऊ. टोपीले धरा. वायर तुटते.”

काकू इतक्या हसल्या की पदर तोंडाला लावावा लागला. ते स्पीकर पुन्हा कधी बिघडले नाहीत.

पण मॅडमना मी पूर्ण ओळखलं ते वर्षाच्या वेळी. वर्षा एकोडीची, मॅडमच्या वर्गातली एकुलती एक मुलगी. भंडाऱ्यातल्या एका मोठ्या वर्कशॉपने आमच्याकडून एक उमेदवार घ्यायचं कबूल केलं. महिनाभर काम बघू, मग ठेवायचं की नाही ते ठरवू, असं त्यांचं म्हणणं. मॅडमनी वर्षाचं नाव दिलं. तिचे वडील दोनदा शेडमध्ये आले होते. माणूस वाईट नव्हता. ते म्हणाले होते, “पाठवतो मॅडम. पण परत पाठवली ना, त मंग थे घरीच राहीन. लोकाले सांगाले मले पुन्हा तोंड नाही.”

महिना संपत आला आणि वर्कशॉपमधून फोन आला. एका धानाच्या व्यापाऱ्याच्या मोठ्या गाडीत वर्षाने मागचे नवे स्पीकर बसवले होते. तेव्हापासून रस्त्यात चालता चालता सगळाच आवाज बंद पडतो. टेप बंद करून चालू केला की परत येतो, पुन्हा जातो. मालक तिसऱ्यांदा गाडी घेऊन आले होते. वर्कशॉपमध्ये उभ्या गाडीत काहीच सापडत नव्हतं. मुलीचा जोड कच्चा असणार, तिला घेऊन जा, असा निरोप.

मॅडमनी अ‍ॅप्रन काढला नाही. डबा काखेत घेतला. “चाला सर. तुम्ही बोलाचं शिकवता ना? तिथं बोला लागन.” बसमध्ये त्यांनी बडीशेपही खाल्ली नाही.

वर्कशॉपचे मॅनेजर नागपूरचे, तरुण, सरळ माणूस होते. वर्षा भिंतीला टेकून उभी होती. रडून झालेलं दिसत होतं. मी तयारी करून आणलेली दोन वाक्यं बोललो, तोवर मॅडम गाडीत शिरल्या होत्या. मालकांना त्यांनी त्यांच्या जागी बसवलं. “शेठ, कुठं बंद पडते?”

“स्पीडब्रेकर आला का गेला समजा.”

मॅडमनी सोबत आणलेलं ‘पुढं डावा’ लावलं आणि गाडीच्या आतून फिरत प्रत्येक पॅनलवर तळहाताने थापट्या मारल्या, बाजारात बाया मडकं पारखतात तशा. पुढे काही नाही. मागे डावीकडे काही नाही. डिक्कीच्या उजव्या कडेला थाप पडली आणि चारही बाजू एकदम मुक्या झाल्या.

“इथं काय काय हाय, सांग,” मॅडमनी वर्षाला विचारलं.

वर्षाने डोळे मिटून सांगितलं. पॅनलच्या क्लिपा, फोम, वायर, जोड कथलाचा डाग देऊन केला, वरून नळी चढवली. नवा स्पीकर जुन्यापेक्षा मोठा, मागचा चुंबक जड.

“आन काय नाही पाहिलं?”

“सर्व पाहिलं मॅडम.”

पॅनल निघालं. वर्षाचा जोड अगदी चोख होता. पण स्पीकरच्या पाठीला, त्या जड चुंबकाला, एक केसाळ काळपट गोळा चिकटून बसला होता. त्याच्या दोन-चार तारा स्पीकरच्या टोकांपर्यंत आल्या होत्या. गाडी हादरली की त्या टोकांना शिवायच्या आणि टेप आपला जीव वाचवायला सगळाच आवाज बंद करायचा.

मॅनेजर वाकले. “हे काय आहे?”

“घासणी,” वर्षा म्हणाली. “भांड्याची.”

“गाडीत कोणी टाकली?”

“मीच ना भाऊ!” शेठ म्हणाले. “कोठाराजवळ गाडी उभी राहते. उंदीर घुसते तिथून. मागच्या साली सारी वायर खाल्ली. लोखंडी तार दातात येते त पळते थो. मी अंदरच्या भोकात कोंबली.”

सगळे हसले. मलाही हायसं वाटलं, वर्षा सुटली. तेवढ्यात मॅनेजरांनी तिलाच विचारलं, “स्पीकर बसवलास तेव्हा ही तुला दिसली नव्हती का?”

दिसली नव्हती, असं म्हणायला काही लागत नव्हतं. मी मनात म्हणत होतो, म्हण बाई.

“दिसली होती,” वर्षा म्हणाली. “काढली, स्पीकर बसवला आन परत जागच्या जागी ठेवली. उंदरासाठी असते ना सर. आमच्या घरी कोठीच्या बुडाशी मीच कोंबतो.”

हसणं थांबलं. मॅनेजरांनी मॅडमकडे पाहिलं. “म्हणजे मॅडम, चूक हिचीच झाली.”

मला वाटलं, आता मॅडम भांडतील. शेठवर ढकलतील, वर्कशॉपच्या मोठ्या मिस्त्र्यांनी तीनदा गाडी पाहूनही पॅनल उघडलं नाही हे काढतील. भांडण करायला त्या कधी मागे हटल्या नव्हत्या.

“हाव,” त्या म्हणाल्या. “हिची चूक हाय. लोखंड चुंबकाजवळ ठेवलं. जुना चुंबक लहान होता, चालून गेलं. नव्यानं ओढून घेतलं.” मग म्हणाल्या, “आन माझी पण हाय. मी आमच्या गाडीत साऱ्या खोड्या करून शिकवल्या. घरची वस्तू कधी ठेवली नाही. माझ्या कोठीत पण घासणी हाय, सर. मी असती त मीबी परत ठेवली असती. रोजचं दिसते थे नजरेत येतच नाही. आता हिले काढाची त काढा. पण खोटं नाही बोलली, एवढं पाहून काढा.”

वर्षा पायाकडे बघत होती. मॅनेजरांनी ती घासणी चुंबकावरून सोडवून हातात घेतली. शेवटी म्हणाले, “तिलाच नीट करू द्या. शेठ गाडी फिरवून आणतील, ती मागे बसेल. आवाज टिकला तर राहील. पुन्हा गेला तर मी काही करू शकत नाही.”

मॅडम लगेच गाडीपासून दूर जाऊन पाठ करून उभ्या राहिल्या. काम होईपर्यंत त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. मी पाहत होतो. वर्षाने भंगारातल्या ट्यूबचा रबरी तुकडा कापला, भोकावर आतून घट्ट बसवला. मग ती गाडीखाली शिरली आणि घासणी त्याच भोकात बाहेरच्या बाजूने दाबली. शेठ म्हणाले, “हे मले नाही सुचलं. माझा उंदीरही बाहेर आन तुझा स्पीकरही चांगला.” ती हसली नाही. तिने हात पुसले आणि मागच्या सीटवर जाऊन बसली.

गाडी हमरस्त्याला लागली. आम्ही फाटकात उभे. मॅनेजरांनी चहा सांगितला. मॅडमनी कप घेतला आणि तो तसाच हातात राहिला. डब्याचं झाकण त्या सारखं उघडत होत्या, लावत होत्या.

“सर, बोला ना काही,” त्या मला म्हणाल्या. “रोज लेक्चर ऐकवता मले, आता काहून गप्प?”

मी म्हणालो, “ऊन फार आहे.”

“हाव, भलतंच शिकले तुम्ही,” त्या म्हणाल्या.

बऱ्याच वेळाने गाडी दिसली. उन्हामुळे एसी चालू होता, सगळ्या काचा वर. ट्रक जात होते. आत आवाज आहे की नाही, काही कळायला मार्ग नव्हता. गाडी वळण घेण्यासाठी पलीकडे थांबली. मॅडम टाचा उंचावून बघू लागल्या. मागच्या काचेआड वर्षाचं डोकं दिसत होतं, खाली झुकलेलं, बहुतेक स्पीकरकडे कान लावलेला. त्यावरून काहीच कळेना. आयुष्यभर कानांनी काम केलेली बाई त्या बंद काचांकडे नुसती पाहत होती, आणि तिच्या हातातला चहा हिंदकळून अ‍ॅप्रनवर सांडला होता.

मग त्यांची नजर पुढे सरकली. शेठचा एक हात स्टिअरिंगवर होता आणि त्या हाताची बोटं तालात पडत होती. ठेका चुकला नाही. समोर ट्रक आला, गाडी फाटकातल्या उंचवट्यावरून हादरत आत चढली, आणि बोटं तशीच वाजत राहिली.

मॅडमनी कप माझ्या हातात दिला. “चाललो मी. साकोलीची बस दिसून राहिली.”

“अहो मॅडम, थांबा तरी. तिला भेटून—”

पण त्या रस्त्याला लागल्याही होत्या. पुढच्याच सत्रात भावाच्या आजारपणामुळे त्या नाकाडोंगरीला गेल्या आणि संस्थेतली त्यांची नोकरी सुटली. फोनवर बोलणं होतं. पण डोळ्यांसमोर मॅडम येतात त्या त्याच दुपारच्या.

गाडीचं मागचं दार उघडलं. आतून कुठलंसं लग्नातलं गाणं बाहेर आलं, भरदार, पोटासकट. मॅनेजर वर्षाला म्हणाले, “उद्या वेळेवर ये.” ती “हो सर” म्हणाली, पण लक्ष तिचं त्यांच्याकडे नव्हतं. ती शेडमध्ये, फाटकात, माझ्या मागे शोधत होती.

“मॅडम कुठं गेल्या, सर?”

मी रस्त्यापलीकडे बोट दाखवलं. जिथे थांबा नव्हता तिथे बस थांबली होती. काखेत डबा, अ‍ॅप्रनवर चहाचा डाग, एक पाय पायरीवर ठेवून भेंडारकर मॅडम कंडक्टरशी कचाकचा भांडत होत्या.